आम्ही, आपण आणि तमाशा : एका प्रादेशिक कलेचे आकर्षण व तिचे ओझे

१

कोणत्याही प्रदेशाच्या लोकप्रिय संगीताचा विचार करू लागले की अभ्यासकापुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. ते संगीत कानी पडताच त्या प्रदेशातील माणसास ‘हे माझे आहे’ असे का वाटते, हा पहिला प्रश्न. आणि त्या संगीताबरोबर जातीचे, वंशाचे, स्त्रीच्या दर्जाचे व जुन्या सत्तासंबंधांचे जे ओझे चालत येते त्याचे काय करावयाचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा रसिक देतात व दुसऱ्याचे समाजशास्त्रज्ञ. दोहोंची उत्तरे वेगवेगळ्या पुस्तकांत राहतात आणि त्यांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते.

ही दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणी, म्हणजे भाषेतील पुरुषवाचक सर्वनामांच्या व क्रियापदांच्या रूपांत, भेटतात हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. उदाहरण म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातील तमाशाची परंपरा घेतली आहे. हाच प्रश्न अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ‘सदर्न रॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताविषयी गेली पन्नास वर्षे चर्चिला जात असल्यामुळे तुलनेसाठी त्याचाही पुढे थोडक्यात विचार केला आहे.

तमाशाची स्थूल रूपरेषा वाचकांस परिचित असेल. गण, गौळण, बतावणी, लावणी व वग अशी त्याची बांधणी. ढोलकी, हलगी, तुणतुणे व मंजिरी ही त्याची वाद्ये. त्याचे दोन प्रकार मानले जातात. ज्यात वगाला महत्त्व असते तो ढोलकी-फडाचा तमाशा, आणि ज्यात लावणीगायन व नृत्य हेच सर्वस्व असते ती संगीत बारी. अहिल्यानगर जिल्ह्यात हे दोन्ही प्रकार नांदले आहेत. उत्तरेकडे संगमनेर हे ढोलकी-फडाचे ठाणे होय. कांताबाई सातारकर यांचा फड तेथलाच, आणि सन २०२१ मध्ये त्यांचे निधनही तेथेच झाले. दक्षिणेकडे जामखेडच्या परिसरातील कला केंद्रे संगीत बारीसाठी प्रसिद्ध आहेत.

या कलेची परिभाषाच तिच्या मिश्र कुळाची साक्ष देते. ‘तमाशा’ हा शब्द मूळ अरबी. ‘बरोबर चालणे, फिरावयास जाणे’ असा त्याचा अर्थ होता, व फारसीतून येताना त्यास ‘पाहणे, मौजेचे दृश्य’ हा अर्थ प्राप्त झाला. ‘शाहीर’ हे अरबी ‘शाइर’ याचे मराठी रूप. ‘मुजरा’ही तिकडचाच. ‘गौळण’, ‘सोंगाड्या’ व ‘झील’ हे शब्द मात्र घरचे. जी कला आज अस्सल मराठी म्हणून गौरविली जाते तिच्या नावातच परक्या भाषेशी झालेला सहवास आहे. हे तिचे उणेपण नव्हे. ‘अस्सल’ हा शब्ददेखील अरबीच आहे.

२

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ या शब्दात बोलणारा व त्याचे सोबती येतात, ऐकणारा येत नाही. ‘आपण’ या शब्दात ऐकणाराही येतो. पहिल्यास व्यावर्तक व दुसऱ्यास समावेशक रूप म्हणता येईल. हा भेद गुजरातीत आहे, तमिळ व तेलुगू या भाषांत आहे. प्रमाण हिंदीत व इंग्रजीत नाही. मराठीत तो द्राविड भाषांच्या सान्निध्याने रुजला असावा, असे पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात.

परंतु मराठी ‘आपण’ एवढ्यावर थांबत नाही. समोरच्या व्यक्तीस आदराने संबोधतानाही तोच शब्द वापरला जातो. ‘आपण आलो’ म्हणजे मी आणि तुम्ही मिळून आलो. ‘आपण आलात’ म्हणजे केवळ तुम्ही आलात, मी त्यात नाही. सर्वनाम एकच, आणि क्रियापदाचा प्रत्यय बदलताच बोलणारा आत येतो किंवा बाहेर जातो. ‘आपण बसू या’ आणि ‘आपण बसावे’ यांतील अंतर हेच आहे. पहिल्या वाक्यात दोघे एका बैठकीवर आहेत, दुसऱ्यात एकजण बसणार आहे व दुसरा उभा राहणार आहे.

तमाशाच्या बोर्डावर या दोन्ही ‘आपण’चा वावर असतो, आणि माझ्या मते या कलेचे आकर्षण व तिचे ओझे या दोहोंचे मूळ येथे आहे. गौळणीत मावशी, पेंद्या व गवळणी यांचे संवाद चालू असताना प्रेक्षक हा पाहुणा राहत नाही. सोंगाड्या त्याच्याकडे पाहून गावातील ताजी भानगड सांगतो, सरकारी अंमलदाराची नक्कल करतो, राजाच्या दरबारात एकदम ग्रामपंचायतीची गोष्ट काढतो. या क्षणी नट व प्रेक्षक ‘आपण आलो’ या वाक्यात असतात. यात्रेच्या रात्री उघड्या माळावर बसलेल्या शेतकऱ्यास जे सुख मिळते ते बहुतांशी या समावेशाचे सुख होय. त्याची बोली, त्याची जत्रा, त्याची चेष्टा बोर्डावर येते, आणि ती आणणारा माणूस आपल्यातलाच वाटतो.

खेळ संपला, किंवा मध्येच कोणी पैसे पुढे केले, की क्रियापद बदलते. कलावंत प्रेक्षकांस ‘रसिक मायबाप’ म्हणतात. नाते जोडणारे हे शब्द असले तरी त्यांत एका बाजूस देणारा आहे व दुसऱ्या बाजूस घेणारा. खूश झालेल्या प्रेक्षकाने नर्तिकेस पैसे द्यावयाचे, यास ‘दौलतजादा’ म्हणतात. ‘दौलत ज्यादा होवो’ अशा दुव्यातून हा शब्द आला असावा. दुवा देणारी ती, दौलत त्याची. येथे ‘आपण आलात’ हे वाक्य उभे राहते, आणि त्याच्या दुसऱ्या टोकास फडातील माणसांचे ‘आम्ही’.

हे ‘आम्ही’ कोण? ढोलकी-फडात प्रामुख्याने महार व मांग समाजातील कलावंत. संगीत बारीत कोल्हाटी, डोंबारी, कळवात आदी समाजांतील स्त्रिया. खेळ पाहणारे गावच, पण फडातली माणसे बहुधा गावकुसाबाहेरची. कलगी व तुरा या जुन्या पक्षांच्या सवाल-जबाबात, शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ या वादात, जे ‘आम्ही’ ऐकू येते ते खेळातील होते. रात्र सरली की त्या वादाचे प्रयोजन संपे. जातीचे ‘आम्ही’ मात्र सकाळीही तसेच राही.

३

या भेदाचा इतिहास पाहावयाचा तर दूर जाण्याचे कारण नाही. संगमनेरचा कवी अनंत फंदी (१७४४–१८१९) हा पेशवाईतील नामांकित शाहिरांपैकी एक. तो ब्राह्मण होता. मलिक फंदी नावाच्या एका फकिराशी त्याचे सख्य होते व त्यावरून त्यास ‘फंदी’ हे नाव पडले असे सांगतात. त्याच्याविषयीची प्रसिद्ध आख्यायिका अशी की, अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून त्याने डफ टाकला व तो कीर्तनाकडे वळला. ब्राह्मणाने तमाशा करावा हे शोभत नाही, असा त्या उपदेशाचा आशय होता. आख्यायिका खरी असो वा नसो, ती पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली हे सत्य आहे, आणि कोणत्या गोष्टी पुनःपुन्हा सांगितल्या जातात यावरून समाजाचे मन कळते. तमाशातून बाहेर पडण्याची वाट कवीस होती. त्याच्याबरोबर डफ-तुणतुणे वाजविणाऱ्यांसाठी अशी वाट होती की नाही, याविषयी आख्यायिका मौन धारण करते.

अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी हे जामखेड तालुक्यातील. सन २०२४ मध्ये त्यांच्या नावाने जिल्ह्याचे नाव अहमदनगरऐवजी अहिल्यानगर असे झाले. ज्यांच्या उपदेशाने शाहिराने तमाशा सोडला असे लोक सांगतात, त्यांचे जन्मगाव व संगीत बारीची कला केंद्रे एकाच तालुक्यात असावीत, हा योगायोग होय. परंतु जिल्ह्याच्या सांस्कृतिक चरित्रात आदर व अवहेलना किती जवळ राहतात याची तो आठवण देतो.

दुसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) हे रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. ते तमाशात शिरले आणि पठ्ठे बापूराव या नावाने अजरामर झाले. त्यांच्या फडातील पवळा ही संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील, महार समाजातील. तमाशात पूर्वी स्त्रीवेष घेऊन नाचणारा ‘नाच्या पोऱ्या’ असे; बोर्डावर आलेल्या आरंभीच्या ख्यातनाम स्त्रियांत पवळेची गणना होते. बापूरावांचे शब्द व पवळेचे रूप आणि अदा यांनी एक काळ गाजविला. तथापि मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत बापूरावांस कवी म्हणून प्रकरणे मिळाली, पवळेस त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग म्हणून जागा मिळाली. ब्राह्मण कवी तमाशात आला हा त्याचा त्याग ठरला. पवळेच्या बाबतीत त्याग हा शब्द कोणी वापरला नाही, कारण ती जेथे होती तेथेच तिने असावे असे गृहीत धरलेले होते.

येथे व्याकरणाची आणखी एक बाब विचारात घ्यावयास हवी. मराठी भूतकाळात ‘मी आलो’ व ‘मी आले’ असा लिंगभेद असल्यामुळे पहिल्या पुरुषात बोलणाऱ्याचे लिंग लपत नाही. शृंगारिक लावणीतील ‘मी’ बहुधा स्त्रीचा असतो. त्याची क्रियापदे स्त्रीलिंगी असतात. लिहिणारा शाहीर मात्र पुरुष असतो. म्हणजे पुरुषाने स्त्रीच्या तोंडी घातलेली इच्छा, स्त्रीने ती आपली म्हणून गावयाची, आणि ऐकणाऱ्या पुरुषांनी ती खरोखर तिचीच समजावयाची, असा हा तिपेडी व्यवहार आहे. लावणी ‘अश्लील’ ठरली की तो दोष ज्या ‘मी’स चिकटतो तो लिहिणाऱ्याचा नसून गाणारीचा असतो. व्याकरणातील लिंग आणि समाजातील कलंक यांचा इतका घट्ट सांधा अन्यत्र क्वचितच सापडेल.

याची जाणीव दलित चळवळीस फार पूर्वी झाली होती. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली देणगी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ज्या पैशामागे आपल्याच समाजातील स्त्रीचे नाचणे आहे तो स्वाभिमानाच्या लढ्यास कसा चालावा, हा त्यामागील प्रश्न. त्याच वेळी तमाशाचे रूप मात्र टाकून दिले गेले नाही. सत्यशोधक जलशांनी व पुढे आंबेडकरी जलशांनी तीच बांधणी घेतली, तिच्यातील शृंगार काढला, देवादिकांच्या जागी प्रबोधन आणले. हे जलसे म्हणजे ‘आम्ही’चा अर्थ बदलण्याचा प्रयत्न होता : गावाने बाहेर ठेवलेले ‘आम्ही’ आता स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या शब्दांत बोलू लागले.

सरकारने निराळा मार्ग पत्करला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर खेळांस परवानगी मिळू लागली. संहितेचे शुद्धीकरण झाले. दौलतजादा संहितेत नसल्यामुळे ती तपासली गेली नाही.

४

या ओझ्यासह एखादी कला संपूर्ण प्रदेशाचा आवाज कशी होते, याचे मोठे उदाहरण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मिळते. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह सन १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड रूपाने लावणीच होय. मुंबईस आलेल्या श्रमिकाचा विरह तीत प्रथम व्यक्त होतो, आणि पुढे तोच विरह महाराष्ट्रापासून तुटलेल्या मराठी मुलखाचा होतो. मांग समाजात जन्मलेल्या शाहिराने, हीन समजल्या गेलेल्या कलाप्रकारात, साऱ्या मराठी भाषकांस एका ‘आपण’मध्ये बसविले. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले तेव्हा या ‘आपण’चा विजय झाला, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु राज्य मिळाल्यावर त्या ‘आपण’मधील प्रत्येकाचे स्थान समान झाले काय, हा प्रश्न शिल्लक राहिला.

अमेरिकेतील तुलना येथे उपयुक्त ठरते. सन १९६९ च्या सुमारास फ्लोरिडा, जॉर्जिया इत्यादी दक्षिणी राज्यांतून रॉक संगीताचा एक निराळा प्रवाह पुढे आला. त्याचा पाया म्हणजे ब्लूज, अर्थात गुलामीतून आलेल्या कृष्णवर्णीयांचे संगीत. या प्रवाहाचा अग्रणी ऑलमन ब्रदर्स बँड सन १९६९ मध्ये स्थापन झाला, तेव्हापासून त्यात जेमो हा कृष्णवर्णीय तालवादक होता. तरीही या संगीताचा ‘आम्ही दक्षिणी’ हा अभिमान बहुतेकांच्या मनात गोऱ्यांचाच अभिमान म्हणून रुजला.

या प्रवाहातील सर्वांत प्रसिद्ध गीत लिनर्ड स्किनर्ड या चमूचे ‘स्वीट होम अलाबामा’ (१९७४). कॅनडाच्या नील यंग या गायकाने ‘सदर्न मॅन’ (१९७०) व ‘अलाबामा’ (१९७२) या गीतांतून दक्षिणेच्या वर्णद्वेषावर जी टीका केली, तिला दिलेले हे उत्तर होय. परंतु ते रचणाऱ्या तिघांपैकी एकही अलाबामाचा नव्हता; दोघे फ्लोरिडाचे, एक कॅलिफोर्नियाचा. त्याहून मार्मिक गोष्ट अशी की, त्यातील साथीचे स्वर मेरी क्लेटन व क्लायडी किंग या कृष्णवर्णीय गायिकांचे आहेत. आपल्या झीलकऱ्यांप्रमाणे त्या मागे उभ्या राहून गीताची उंची वाढवितात. पण त्या गीताच्या ‘आम्ही’मध्ये त्या आहेत की नाहीत, हे गीत सांगत नाही.

इंग्रजीत ते सांगण्याची सोयही नाही. तेथे प्रथमपुरुषी अनेकवचन एकच. त्यात ऐकणारा येतो की नाही हे शब्दावरून कळत नाही. रिकामी राहिलेली ही जागा शब्दाबाहेरील खुणांनी भरली जाते, आणि येथे ती एका निशाणाने भरली. गुलामगिरी टिकविण्यासाठी सन १८६१ ते १८६५ या काळात लढलेल्या दक्षिणी संघराज्याचे युद्धनिशाण या चमूच्या रंगमंचामागे झळकू लागले. काहींच्या मते ते केवळ जन्मभूमीचे चिन्ह. कृष्णवर्णीय श्रोत्यास मात्र ते ‘तू यात नाहीस’ असे सांगणारे व्यावर्तक सर्वनाम होते. सन २०१२ मध्ये चमूतील जुन्या वादकाने ते निशाण सोडल्याचे सांगितले, तेव्हा चाहत्यांनी इतका गहजब केला की त्यास आपले म्हणणे सौम्य करावे लागले. ते निशाण चाहत्यांस संगीताच्याच अर्थाचा भाग वाटत होते.

दोन्ही उदाहरणांत फरकही आहे, व तो विसरून चालणार नाही. दक्षिणी रॉकमध्ये सत्ताधारी वर्णाच्या गायकांनी दुर्बलांचे संगीत घेऊन त्यावर आपला अभिमान उभारला. तमाशात कला निर्माण करणारेच दुर्बल, व अभिमान बाळगणारा समाज समोर बसलेला. म्हणून तेथे वाद चिन्हाचा झाला, येथे तो माणसांच्या पोटापाण्याचा व अब्रूचा आहे.

५

अलीकडील संशोधनाने या प्रश्नास योग्य ती धार आणली आहे. शर्मिला रेगे यांनी सन १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, मध्यमवर्गाने लावणी आपल्या करमणुकीसाठी उचलली व लावणी करणाऱ्या स्त्रियांवर कलंक तसाच ठेवला, हे दाखविले. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनाने बारीतील नर्तिकेच्या मुलाची बाजू प्रथमच मराठी वाचकांपुढे आणली. शैलजा पाईक यांच्या सन २०२२ च्या इंग्रजी ग्रंथात पवळा व तिच्यासारख्या दलित स्त्रियांच्या जीवनाच्या आधारे ‘अश्लील’, ‘अस्सल’ व ‘माणुसकी’ या शब्दांचा इतिहास मांडला आहे. या लेखिकेचे कूळ आपल्याच जिल्ह्यातील पोहेगावचे. सन २०२४ मध्ये त्यांस अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

या सर्वांत भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम कोणते? आजवर आपल्याकडे लावणीच्या भाषेचा अभ्यास बहुधा छापील संहितांवरून, शब्दसंग्रह व अलंकार यांच्या अंगाने झाला. छापील संहितेत ‘आपण’ हा शब्द सापडतो. तो उच्चारताना गाणारी कोणाकडे पाहत होती हे सापडत नाही. यापुढे जे विद्यार्थी संगमनेरच्या फडांत किंवा जामखेडच्या कला केंद्रांत सामग्री गोळा करतील, त्यांनी प्रत्येक उक्तीपुढे तीन नोंदी कराव्या : शब्द कोणी रचले, ते कोण म्हणत आहे, आणि ते कोणास उद्देशून आहेत. बतावणीतील ‘आपण’ व दौलतजादेच्या वेळचे ‘आपण’ हे एकाच रकान्यात टाकू नयेत. कलावंत आपसांत बोलताना कोणती रूपे वापरतात हेही टिपावे, कारण तेथील ‘आम्ही’ प्रेक्षकांनी कधी ऐकलेलेच नसते. सन २०२० व २०२१ मध्ये साथीमुळे यात्रा बंद पडल्या व फडांची मिळकत थांबली. तेव्हापासून ही नोंद लांबणीवर टाकता येण्यासारखी राहिलेली नाही.

सन २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे शाहीर साबळे यांनी गायलेले गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले. शाहिरीस हा मान मिळाला ही समाधानाची गोष्ट. त्या शीर्षकातील ‘माझा’ हे एकवचन कोणत्याही श्रोत्यास आपल्या तोंडी घेता येते, व त्यातच त्याचे सामर्थ्य आहे. तमाशाविषयी मात्र आपण व्याख्यानांतून व स्मरणिकांतून म्हणतो, ‘तमाशा हा आपला वारसा आहे.’ ‘आपण’चा अर्थ निश्चित करणारे क्रियापद येथे मदतीस येत नाही, कारण ‘आपला’ या विशेषणाची तिन्ही रूपे सारखीच : तुमचा-आमचा मिळून तो ‘आपला’, समोरच्या थोरांचा तो ‘आपला’, आणि ज्याचा त्याचा तोही ‘आपला’. हे वाक्य नारायणगावच्या राहुटीत सुपारीची वाट पाहणाऱ्या कलावंतासमोर म्हटले असता त्याने कोणता अर्थ घ्यावा, हे त्याला मिळणाऱ्या वागणुकीवर ठरते. तो पहिला अर्थ निःशंकपणे घेऊ शकेल तेव्हाच हे विधान व्याकरणदृष्ट्या जितके शुद्ध आहे तितके सत्यही होईल.